डॉक्टरांच्या पेढीवरील मुनीम : 'फिजिशियन असिस्टंट' या व्यवसायाची ओळख

'बार्शी तिथे सरशी' ही म्हण आपल्या गावाने बाजारपेठेच्या बळावर मिळविली. मराठवाड्याच्या वेशीवरील या गावात तूर, उडीद आणि ज्वारीच्या पोत्यांच्या थप्प्या लागल्या, अडतीच्या पेढ्या उभ्या राहिल्या आणि त्या पेढ्यांच्या आधाराने आपल्या समाजाच्या कित्येक पिढ्या वाढल्या. आता त्याच घरांत जून महिना उजाडला की मालाच्या भावापेक्षा 'नीट' परीक्षेच्या निकालाची चर्चा अधिक होते. लातूरला दोन वर्षे खोली घेऊन अभ्यास केलेली मुले-मुली घरी परततात. थोड्यांना एम.बी.बी.एस.चा प्रवेश मिळतो, बहुतेकांना मिळत नाही. मग घरात तीन वाटांचा विचार सुरू होतो : आणखी एक वर्ष परीक्षेला बसावे, मोठी रक्कम मोजून खासगी महाविद्यालयात किंवा परदेशात जावे, अथवा हा विषयच सोडून पेढीवर बसावे.

अशाच दिवसांत परिचयातील एका घरी गेलो असता चौथी वाट कानावर पडली. नात आजोबांना सांगत होती,

"आजोबा, मी चेन्नईला बी.एस्सी. फिजिशियन असिस्टंट करायचं म्हणते."

"म्हणजे कंपाउंडर?"

"नाही हो आजोबा."

"मग डॉक्टर?"

"डॉक्टरही नाही."

आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग बेटा, लोकांना सांगायचं काय?"

मुलीला उत्तर सुचले नाही आणि खरे सांगायचे तर मलाही सुचले नाही. प्रश्न मात्र रास्त होता. ज्या व्यवसायाला गावात नाव नाही, त्यात नातीची चार वर्षे आणि घरचा पैसा का गुंतवावा, हे विचारण्याचा वडीलधाऱ्यांना अधिकार आहे. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न.

हा साहाय्यक करतो तरी काय?

आपल्या पेढीवरील जुना मुनीम आठवावा. भांडवल शेठजींचे, नाव शेठजींचे आणि अंतिम शब्दही शेठजींचाच. तरीही शेतकरी माल घेऊन आला की पहिले बोलणे मुनीम करी. तो नमुना पाही, वजन तपासी, रोजमेळ लिही. कोणाला किती उधारी द्यायची, याची मर्यादा त्याला ठाऊक असे. त्या मर्यादेपलीकडचा व्यवहार समोर आला की तो शांतपणे म्हणे, "शेठजींना विचारून सांगतो." हे वाक्य नेमके कधी उच्चारायचे याची जाण, हीच त्याची खरी किंमत होती.

फिजिशियन असिस्टंट, म्हणजे वैद्यक साहाय्यक, रुग्णालयात हेच स्थान भूषवितो. तो रुग्णाच्या आजाराचा इतिहास विचारून व्यवस्थित लिहून घेतो, प्राथमिक शारीरिक तपासणी करतो, चाचण्यांचे अहवाल एकत्र करून डॉक्टरांपुढे मांडतो, शस्त्रक्रियेत हाताखाली उभा राहतो, शस्त्रक्रियेनंतर रुग्णावर लक्ष ठेवतो आणि घरी जाताना औषधे कशी घ्यावीत हे नातेवाइकांना समजावून सांगतो. रोगनिदान, उपचाराचा निर्णय आणि त्याची जबाबदारी मात्र डॉक्टरांची असते.

परिचारिकेचा व्यवसाय स्वतंत्र आहे. त्याचे शिक्षणही वेगळे आणि नोंदणीही वेगळी. प्रयोगशाळेतील किंवा क्ष-किरण विभागातील तंत्रज्ञ एका यंत्राचा अथवा एका चाचणीचा जाणकार असतो. वैद्यक साहाय्यकाचे शिक्षण मात्र डॉक्टरांच्याच पद्धतीने विचार करायला शिकविते : लक्षण काय, त्यामागे कोणकोणती कारणे असू शकतात, कोणती चाचणी आधी करावी. फरक खोलीचा, कालावधीचा आणि अधिकाराचा आहे.

युद्धावरून परतलेल्या सैनिकांपासून प्रारंभ

या व्यवसायाचा जन्म अमेरिकेत झाला. नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी १९६५ मध्ये पहिला अभ्यासक्रम सुरू केला. त्या काळी तेथे डॉक्टरांची, विशेषतः लहान गावांत, तीव्र टंचाई होती. दुसरीकडे नौदलात वैद्यकीय मदतनीस म्हणून काम केलेले तरुण घरी परतत होते. जखमा बांधणे, तातडीचे उपचार करणे हे त्यांनी प्रत्यक्ष केलेले होते. पण नागरी जीवनात त्या अनुभवाला कोणतीही पदवी नव्हती. डॉ. स्टेड यांनी अशाच चार माजी नौसैनिकांना घेऊन वर्ग सुरू केला. त्यांपैकी तिघे १९६७ मध्ये उत्तीर्ण होऊन बाहेर पडले.

आज त्या देशात असे साहाय्यक दीड लाखाहून अधिक आहेत. तेथे हे शिक्षण पदवीनंतरचे आहे. विज्ञानाची पदवी, रुग्णसेवेचा प्रत्यक्ष अनुभव आणि त्यानंतर साधारणतः सत्तावीस महिन्यांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम असा तेथील क्रम. त्यातील पहिला भाग शरीररचना, औषधशास्त्र आणि रोगविज्ञान यांच्या वर्गांत जातो. दुसऱ्या भागात विद्यार्थी औषधवैद्यक, शल्यचिकित्सा, बालरोग, स्त्रीरोग, तातडीची सेवा, मानसिक आरोग्य अशा विभागांत आळीपाळीने काम करतो. शेवटी राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते आणि ती उत्तीर्ण झाल्यानंतरही दर दोन वर्षांनी ठरावीक तासांचे पुढील शिक्षण घेणे बंधनकारक असते. एकदा पदवी मिळाली की पुस्तक मिटले, असे तेथे चालत नाही.

भारतातील वाट

आपल्या देशात ही कल्पना हृदयशस्त्रक्रियेच्या दालनातून आली. चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये प्रसिद्ध हृदयशल्यविशारद डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने १९९२ मध्ये वैद्यक साहाय्यकांचे शिक्षण सुरू झाले. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेत पायातील शीर काढून ती हृदयाकडे जोडण्यासाठी तयार करावी लागते. मुख्य शल्यविशारद छाती उघडत असताना हे काम तितक्याच कुशल हाताने व्हावे लागते. त्याच दालनात, त्याच चमूबरोबर वर्षानुवर्षे राहणारा प्रशिक्षित साहाय्यक येथे फार मोलाचा ठरतो. शिकाऊ डॉक्टर काही काळाने पुढे निघून जातो. साहाय्यक टिकतो आणि रुग्णालयाची कार्यपद्धती त्याच्या अंगवळणी पडते.

पुढे तामिळनाडूच्या डॉ. एम. जी. आर. वैद्यकीय विद्यापीठाने या विषयाची बी.एस्सी. पदवी दिली. अन्य राज्यांतही अभ्यासक्रम निघाले. बारावी विज्ञानानंतर वर्ग आणि रुग्णालयातील आंतरवासिता मिळून साधारण चार वर्षांचे हे शिक्षण असते. म्हणजे अमेरिकेत जे पदवीनंतर शिकविले जाते, ते आपल्याकडे प्रामुख्याने पदवी म्हणून शिकविले जाते. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

दीर्घकाळ या व्यवसायाला कायद्याचे छत्र नव्हते. ती उणीव राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ या कायद्याने दूर करण्यास प्रारंभ केला. या कायद्याच्या अनुसूचीत 'फिजिशियन असोसिएट' या नावाने हा व्यवसाय समाविष्ट आहे. पदवीधर 'आरोग्यसेवा व्यावसायिक' म्हणवून घेण्यासाठी तीन ते सहा वर्षांत विभागलेले किमान ३,६०० तासांचे शिक्षण या कायद्याने अपेक्षिले आहे. राज्य पातळीवरील परिषदा आणि नोंदवह्या यांचीही त्यात तरतूद आहे.

बार्शीने जगाला दिलेला दाखला

चेन्नई आणि नॉर्थ कॅरोलिना आपल्याला दूरची वाटतील. पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करणारे प्रशिक्षित हात काय साधू शकतात, याचा जगाने अभ्यासलेला एक दाखला आपल्या बार्शीतच आहे. त्यातील कार्यकर्त्या फिजिशियन असिस्टंट नव्हत्या. परंतु तत्त्व तेच होते.

डॉ. भगवान नेने यांच्या प्रयत्नांतून १९८२ मध्ये येथे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय उभे राहिले. तालुक्याच्या गावी कर्करोगाचे रुग्णालय ही त्या काळी धाडसाचीच गोष्ट होती. १९८७ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहकार्याने बार्शीत देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील गावे तिच्या कक्षेत होती. ज्या कुंथलगिरीच्या यात्रेला आपली कुटुंबे वर्षानुवर्षे जात आली, ते क्षेत्र याच भूम तालुक्यातील आहे. त्या रस्त्यावरील खेड्यांत नोंदणीचे कार्यकर्ते घरोघर जात होते. रुग्ण आपण होऊन येत नाही, हे ओळखून ते नोंदीबरोबरच लोकांना आजाराची लक्षणे समजावून सांगत. स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग येथे अग्रभागी असल्याचे या नोंदींतून दिसले आणि प्रबोधन वाढले तसा तो अधिक लवकरच्या अवस्थेत उघडकीस येऊ लागल्याचेही दिसले.

त्यातूनच मोठी चाचणी आकाराला आली. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वर्षे वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी स्त्रियांचा समावेश असलेला अभ्यास सुरू झाला. गावांचे ५२ समूह करून त्यांची चार गटांत विभागणी झाली. तीन गटांत तपासणीच्या तीन वेगवेगळ्या पद्धती वापरल्या गेल्या, तर चौथ्या गटात नेहमीची उपलब्ध सेवा होती. गावात जाऊन स्त्रियांशी बोलणे, त्यांचा संकोच दूर करणे आणि नमुना घेणे हे काम विशेष प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका-प्रसविकांनी केले. दोष आढळलेल्या स्त्रियांची पुढील तपासणी आणि उपचार यांसाठी डॉक्टर व रुग्णालय पाठीशी होते.

या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एच.पी.व्ही. विषाणूच्या एकदाच करावयाच्या चाचणीसाठी नेमलेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. नेहमीच्या सेवेच्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात ६४. मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते. अन्य दोन पद्धतींच्या गटांत मात्र मृत्यूंत अशी स्पष्ट घट दिसली नाही. त्यांपैकी एका पद्धतीत कार्यकर्तीने आम्लाचा बोळा लावून नुसत्या डोळ्यांनी निर्णय करायचा होता, दुसऱ्या पद्धतीत पेशींची सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी होती. विषाणूचाचणीत तिचे काम नमुना नीट घेण्याचे, निर्णय प्रयोगशाळेचा.

हे आकडे केवळ अभिमानासाठी सांगितले नाहीत. त्यांत आपल्या विषयाचा धडा आहे. काम नेमके आखलेले असेल, शिक्षण पक्के असेल आणि मागे रुग्णालय उभे असेल, तर डॉक्टर नसलेल्या हातांनीही जीव वाचतात. काम अवघड निर्णयाकडे झुकू लागले की तेच हात अपुरे पडू शकतात. साहाय्यकाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा, दोन्ही एकाच अभ्यासात दिसतात.

मर्यादा ओलांडण्याचा धोका

म्हणूनच या व्यवसायाची शोभा मर्यादेत आहे. ब्रिटनमध्ये या साहाय्यकांची संख्या वाढली, तसे काही ठिकाणी रुग्णांना आपण डॉक्टरांशी बोलत आहोत की साहाय्यकाशी हेच कळेनासे झाले. वाद वाढल्यावर तेथील सरकारने प्राध्यापक जिलियन लेंग यांच्याकडून आढावा घेतला. जुलै २०२५ मध्ये आलेल्या त्या अहवालाने 'असोसिएट' हे नाव सोडून 'असिस्टंट' हेच नाव वापरावे आणि ज्यांचे निदान झालेले नाही अशा रुग्णांना सरसकट साहाय्यकांनी पाहू नये, अशा शिफारशी केल्या.

आपल्याकडे धोका आणखी जवळचा आहे. पदवी घेऊन गावी आलेल्या मुलाला शेजारीपाजारी कौतुकाने 'डॉक्टर' म्हणू लागतात. नातलग सुचवितात, "बाजारात आपला गाळा रिकामाच आहे, दवाखाना टाक." येथेच पाय घसरतो. वैद्यक साहाय्यकाला स्वतंत्र दवाखाना चालविण्याचा, स्वतःच्या अधिकारात औषधे लिहून देण्याचा किंवा नावामागे 'डॉक्टर' लावण्याचा अधिकार नाही. न दिलेली वस्तू घेणे याला आपल्याकडे अदत्तादान म्हणतात. न मिळालेली पदवी नावाला लावणे हेही त्याच वर्गात मोडते आणि त्याची किंमत रुग्ण आपल्या प्राणाने चुकवू शकतो.

पालकांनी काय पाहावे?

माल न पाहता आपण सौदा करीत नाही. शिक्षणाचाही करू नये. प्रवेश घेण्यापूर्वी पुढील गोष्टी स्वतः जाऊन पाहाव्यात.

पहिली गोष्ट, महाविद्यालयाला स्वतःचे चालते रुग्णालय आहे का आणि तेथे खाटा भरलेल्या असतात का. रुग्णांविना हे शिक्षण म्हणजे पाण्याविना पोहण्याचा वर्ग. दुसरी, पदवी कोणत्या विद्यापीठाची आहे आणि ते विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे का. केवळ संस्थेच्या प्रमाणपत्रावर विसंबू नये. तिसरी, २०२१ च्या कायद्याखालील नोंदणीबाबत संस्था लेखी काय सांगते; प्रवेशाचे नियम त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकातून तपासावेत. चौथी, आंतरवासिता किती काळाची आणि कोणत्या विभागांत आहे. पाचवी, मागील तुकड्यांतील विद्यार्थी आज कोठे काम करतात. त्यांच्यापैकी दोघा-तिघांशी तरी प्रत्यक्ष बोलावे. हृदयशस्त्रक्रिया, अतिदक्षता, मूत्रपिंडविकार, कर्करोग असे विभाग असलेली मोठी रुग्णालये ही या पदवीची खरी बाजारपेठ आहे. लहान गावात अशी जागा मिळेलच असे नाही, हे आधीच मान्य करून निघावे.

काही गोष्टी घरात बोलून घ्याव्यात. रक्त आणि वेदना रोज पाहावी लागेल. रात्रपाळी करावी लागेल. ज्या मुला-मुलींचा सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम आहे, त्यांनी डबा आणि कामाच्या वेळा यांची सांगड कशी घालायची याचा विचार आधीच करावा. वसतिगृहाच्या भोजनगृहाची चौकशीही त्यातच यावी. परक्या राज्यात रुग्णाची भाषा शिकावी लागेल, कारण रुग्णाचे दुखणे त्याच्याच भाषेतून कळते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलाचा कल. डॉक्टर होता आले नाही याचे शल्य उराशी धरून जो या वाटेवर येईल, तो आयुष्यभर डॉक्टरांशी मनातल्या मनात स्पर्धा करीत राहील. ज्याला नीटनेटकी नोंद ठेवण्यात, रुग्णाजवळ बसण्यात आणि चमूचा भाग होण्यात समाधान वाटते, तो येथे फुलेल. औषधदान आणि वैयावृत्य यांची महती सांगणाऱ्या घरांत वाढलेल्या मुलांना हे काम परके वाटू नये.

परदेशाची आशा

येथील पदवीवर थेट अमेरिकेत नोकरी मिळते, असे सांगणारे दलाल भेटतील. ते खरे नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय परीक्षेला तेथील मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांनाच बसता येते. भारतीय पदवीधरालाही तो अभ्यासक्रम तेथे पुन्हा करावा लागतो आणि त्याचा खर्च मोठा असतो. विवाहानंतर तेथे स्थायिक झालेल्या आपल्या मुली-सुनांसाठी मात्र हा पर्याय विचारात घेण्याजोगा आहे. विज्ञानाची पदवी हाती असेल, तर कोणते विषय पुन्हा करावे लागतील आणि रुग्णसेवेचा किती अनुभव लागेल, ही चौकशी थेट तेथील विद्यापीठांकडे करावी.

आजोबांचे उत्तर

त्या घरची गोष्ट सांगून थांबतो. आजोबा नातीला घेऊन स्वतः चेन्नईला जाऊन आले. महाविद्यालयात त्यांनी फीचा आकडा शेवटी विचारला. आधी विचारले, "शिकवणारे डॉक्टर रोज वॉर्डात येतात का?" मग तिसऱ्या वर्षातील दोन मुलींशी ते अर्धा तास बोलत बसले. त्यानंतर प्रवेश झाला.

दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी मी पुन्हा त्या पेढीवर गेलो. नात सुट्टीला आली होती. पहिल्या सहामाहीत काय शिकलीस, असे मी विचारले. ती म्हणाली, "काका, अजून थोडंच शिकलेय. पण आमचे सर रोज एकच प्रश्न विचारतात. रुग्णासमोर तू एकटी असशील, तर मला कधी बोलावशील?"

आजोबा वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढत होते. मान वर न करता म्हणाले, "मुनीम ठेवताना आम्हीही हेच विचारायचो."

लोकांना काय सांगायचे, याची चिंता त्यानंतर त्या घरात कोणी बोलून दाखविली नाही.